सरजाबाईंची पट्टी

मित्रांनो, पेटी म्हटलं की प्रत्येकाला आपापली पेटी आठवते. कुणाला आंब्याची, कुणाला दानपेटी, निवडणूक जवळ आली असेल तर मतपेटी. मी यांतली कुठलीच नाही. मी वाजणारी पेटी आहे, अहमदपूरची, आणि जुनी आहे. जुनी म्हणते ती वयानं. सुरानंही मी जुनी झाले असं ज्याला वाटत असेल, त्यानं जरा पुढं सरकून बसावं, ऐकावं आणि मग बोलावं. शिकलेले लोक मला हार्मोनियम म्हणतात. पण ते लांबलचक नाव घेणारा माणूस माझ्याजवळ फार वेळ बसत नाही, असा माझा अनुभव आहे.

माझा जन्म लातूरचा. गंजगोलाईच्या मागच्या एका गल्लीत सिद्रामप्पा नावाचे कारागीर होते. त्यांच्या दुकानात सागवानाच्या फळ्या, चामड्याचे तुकडे आणि सरसाचा उग्र वास असा संसार मांडलेला असे. पितळेचे सूर, म्हणजे हवेनं थरथरून बोलणाऱ्या बारीक जिभा, गुजरातेतून यायच्या. सिद्रामप्पा एकेक सूर ओठांशी धरून फुंकायचे, कान लावायचे, कानशीनं हलकेच घासायचे आणि पुन्हा फुंकायचे. एखादा सूर वाकडा बोलला तर ते त्याच्यावर चिडत नसत, चहा पिऊन यायचे आणि मग पुन्हा बसायचे. माझा भाता पहिल्यांदा दाबला तेव्हा मी असा काही आवाज काढला, की शेजारच्या भांड्यांच्या दुकानातलं गिऱ्हाईक भाव करायचं विसरलं. त्या दिवसापासून मला थोडा गर्व आहे. तो अजून गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

मला नेलं नरसिंग यांनी. अहमदपूरच्या एका शाळेत ते शिपाई होते. दिवसा घंटा द्यायचे आणि संध्याकाळी गाणी रचायचे. मला नव्या सतरंजीत गुंडाळून त्यांनी एस.टी.त मांडीवर घेतलं. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय त्याच्यात?"

"लेकरू हाय," नरसिंग म्हणाले.

"मग अर्धं तिकीट काढा."

तेवढ्यात गाडी खड्ड्यात आदळली आणि माझ्या तोंडून आपोआप एक सूर निघाला. "लेकरू रडायलंय, राहू द्या," असं म्हणून कंडक्टर हसत पुढं गेला. अशा थाटात मी सासरी आले.

आता तुम्हाला एक गोष्ट आधीच समजावून सांगते, म्हणजे पुढं अडायला नको. माझ्या अंगावर काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या आहेत. गाणाऱ्याचा गळा ज्या पट्टीवर मोकळा होतो, ती त्याची पट्टी. कुणाची पांढरी एक, कुणाची काळी दोन. नरसिंग यांच्या पत्नी सरजाबाई, त्यांची पट्टी काळी चार. त्या काळी चारमध्ये गायला लागल्या, की शेवटच्या ओळीतला माणूससुद्धा मान वर करायचा. पण आमच्या मराठवाड्यात पट्टीला दुसराही एक अर्थ आहे. जयंतीसाठी घरोघर फिरून जी वर्गणी गोळा करतात, तिलाही आम्ही पट्टीच म्हणतो. या दोन अर्थांची एकदा अशी काही गाठ पडली, की माझं नशीबच पालटलं. पण ते नंतर.

सरजाबाई दिवसा लोकांच्या शेतात खुरपायला जायच्या. संध्याकाळी हातपाय धुऊन माझ्यासमोर बसल्या, की दिवसभराचं ऊन त्यांच्या आवाजातून उतरून जायचं. आमची गायन पार्टी होती. एप्रिलमध्ये बाबासाहेबांची जयंती, ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र दिन आणि मधल्या काळात लग्नं. उदगीर, भोकर, लोहा, कुठं कुठं गेलो! स्टेज म्हणजे चार बाजा एकमेकींना बांधलेल्या. त्यावर मी मधोमध. लोक फर्माईश करायचे आणि सगळ्यांत जास्त फर्माईश एकाच गाण्याची व्हायची.

ते गाणं नरसिंग यांनी शाळेच्या व्हरांड्यात बसून रचलं होतं. एक अडाणी आई आपल्या मुलीला सांगते,

लेकी, वाच गं वाच तुझ्या पाटीवरचं नाव,
तुझ्या अक्षरात दिसतो मला उजेडाचा गाव.

मी गोवऱ्या थापते, तू गिरव अ आ ई,
तुझी पाटी पाहून, बाई, माझी दमणूक जाई.

सरजाबाई स्वतः शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यामुळे "वाच गं वाच" म्हणताना त्यांना काही वेगळा भाव आणावा लागत नसे. बाया पदर डोळ्यांना लावायच्या. पुरुष उगीच इकडंतिकडं बघायचे.

या गाण्याची कॅसेट काढू, असं म्हणत एक माणूस आला होता. नरसिंग यांनी त्याला जेवू घातलं आणि परत पाठवलं. ते म्हणाले, "डब्यात घातलं की गाणं तिथंच बसतंय. ज्याला पाहिजे त्यानं यावं, बसावं अन् शिकून जावं." तो आमच्या घरचा रिवाजच होता. गाणं कुणालाही मिळायचं, पण निघण्याआधी ते एकदा म्हणून दाखवावं लागे. कितीतरी बाया अशा गाणं घेऊन गेल्या. एका बाईनं तर उंबऱ्यात चपला घालता घालता म्हणून दाखवलं होतं, कारण तिची गाडी सुटत होती.

मित्रांनो, चांगल्या दिवसांचं वर्णन करताना मला थांबवत नाही. पण वाईट दिवसही सांगायलाच हवेत.

नरसिंग गेले. ढोलकीवाल्याचे गुडघे गेले. कोरसमधले कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला पोटामागं गेले. जयंतीला डीजे यायला लागला. त्याचे काळे खोके बाजाच काय, घरांपेक्षा उंच. ते वाजायला लागले, की माझ्या पोटातले सूर न वाजवता थरथरायचे. मी तक्रार करत नाही. पोरांना नाचावंसं वाटतं, त्यांनी नाचावं. पण त्या आवाजात कुणी कुणाला फर्माईश करू शकत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

मी आधी बाजेखाली गेले, मग स्वयंपाकघरात. सरजाबाईंचा मुलगा आनंदराज मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अडतीच्या दुकानात कामाला आहे. सून रेणुका ग्रामीण रुग्णालयात नर्स. बाई मोठी कामाची, पण घरात जागा थोडी. तिनं माझ्यावर प्लास्टिकचा कागद अंथरला आणि वर मिक्सर ठेवला. रोज सकाळी शेंगदाण्याची चटणी माझ्या डोक्यावर वाटली जायची. ज्या अंगावर कधी टाळ्यांचा पाऊस पडला, त्या अंगावर आता लसणाची सालं पडत होती. भात्यात झुरळांनी बिऱ्हाड केलं. मला याचं फार वाईट वाटायचं, उगीच लपवत नाही.

घरात गाणी नव्हती असं नाही. उलट फार होती. आनंदराज कानात इयरफोनची दांडी घालून जुनी गाणी ऐकायचा. रेणुका पोळ्या लाटताना तिची ऐकायची. नात विशाखा लातूरला क्लासला होती, ती सुट्टीला आली की तिची वेगळीच. तिघं एका ताटाभोवती जेवायला बसत आणि तिघांच्या कानात तीन गाणी. सरजाबाईंच्या कानात मात्र काहीच नव्हतं. त्या आपल्या तिघांची तोंडं बघत बसायच्या.

एके दिवशी भाजी निवडता निवडता त्या ते पाटीचं गाणं गुणगुणत होत्या. ध्रुपद झालं, पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि त्या थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा तिथंच थांबल्या.

"रेणुका," त्या म्हणाल्या, "तिसरं कडवं सापडंना झालंय गं."

"आठवंल आत्याबाई. बी.पी.ची गोळी घेतली का?"

"गोळीनं कडवं येत नस्तंय माय." त्या निवडलेल्या भाजीकडं बघत राहिल्या. "त्यान्चं गाणं माझ्यासंगंच जातंय वाटतं."

आनंदराजनं हे ऐकलं. त्यानं मोबाईल काढून आईसमोर धरला. "आई, जेवढं येतंय तेवढं म्हण. मी भरून ठेवतो."

सरजाबाईंनी मोबाईलकडं पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. "ह्याच्यात कुणाकडं बघून म्हणू रे? समोर मानूस पाहिजे."

मिक्सरखाली बसून मी हे सगळं ऐकत होते. ते गाणं ना कागदावर होतं, ना कॅसेटवर. ते फक्त एका गळ्यात होतं आणि त्या गळ्यातूनही आता निसटायला लागलं होतं. मला पहिल्यांदाच भीती वाटली. स्वतःची नाही. भंगारात गेले असते तरी माझे पितळेचे सूर कुणीतरी वितळवले असते. गाणं वितळवून परत ओतता येत नाही.

आणि मग विनोद आला.

विनोद म्हणजे आमच्या वस्तीच्या जयंती मंडळाचा अध्यक्ष. उत्साही पोरगा, बोलणं भरभर. दोन मित्रांना घेऊन तो दारात उभा राहिला. रेणुका बाहेर डबा भरत होती, आनंदराज आत दाढी करत होता, आणि सरजाबाई दाराशीच बसल्या होत्या.

"जय भीम आजी! जयंती जवळ आली. तुमची पट्टी सांगा."

सरजाबाईंनी मान वर केली. मित्रांनो, तो चेहरा मी विसरणार नाही. कित्येक वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पूर्वी ज्या गावात जावं तिथला साथीला बसणारा पहिल्यांदा हेच विचारायचा.

"काळी चार," त्या ताठ बसून म्हणाल्या.

विनोद गोंधळला. "काळी चार?"

"हाव. काळी चार. दुसरीत माझा गळा मोकळा होत न्हाई."

विनोद पाऊल मागं घेत रेणुकाजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "वैनी, आजी काळी चार म्हणायल्यात. म्हंजे किती धरायचे? अन् काळे कशाला?"

रेणुकाला इतकं हसू आलं, की तिला डबा खाली ठेवावा लागला. तिनं त्याला दोन्ही पट्ट्यांचा घोळ समजावून सांगितला. विनोदही हसला. त्याचे मित्रही हसले. आणि तेवढ्यात उठून आत गेलेल्या सरजाबाईंचा आवाज आला.

"आनंदा, आरं ऐकलास का? मंडळाची पोरं आली व्हती. मला गायला बोलवायलेत!"

बाहेरचं हसणं थांबलं.

"आता काय करायचं वैनी?" विनोद म्हणाला. "डीजे ठरलाय. पोरं डीजेसाठी येत्यात. आजीला कोण ऐकंल? उगं हसतील, अन् त्यान्ला वाईट वाटंल."

"मग जा आत अन् तूच सांग त्यान्ला," रेणुका म्हणाली.

विनोद आत आला. तेव्हा सरजाबाईंनी माझ्यावरचा मिक्सर उजव्या हातानं ओढून खाली काढला होता. प्लास्टिकचा कागदही बाजूला फेकला होता. पदरानं त्या माझ्यावरची चटणी पुसत होत्या आणि मला म्हणत होत्या, "ऊठ बाई, बोलावणं आलंय." विनोद आल्या पावली वळला. मग बाहेर जाऊन म्हणाला, "डीजेच्या आधी ठेवू. पर लई लांबवू नका."

मी आनंदानं ओरडणार होते, पण भात्यातून फक्त फुस्स असा आवाज आणि एक झुरळ बाहेर पडलं.

दुसऱ्याच दिवशी आनंदराजनं मला लातूरला नेलं. सिद्रामप्पा आता नाहीत. त्यांचा मुलगा मलप्पा त्याच दुकानात बसतो. आता तिथं विजेवर वाजणारे कीबोर्ड टांगलेले असतात. त्यातल्या एकेकात म्हणे शंभर वाद्यांचे आवाज असतात. असू देत. मलप्पानं माझं झाकण उघडलं, आतल्या लाकडावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "ही तर आमच्या अप्पाच्या हातची." त्यानं कीबोर्ड बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं आणि आधी माझा भाता उसवला. नवं चामडं लावलं, धूळ झाडली, अडकलेला एक सूर मोकळा केला. माझा श्वास परत आला. मी वाजले तेव्हा ते गिऱ्हाईकही कीबोर्ड सोडून माझ्याकडं वळलं. मी काही म्हणाले नाही, पण मला बरं वाटलं.

आता अडचण अशी होती, की वाजवणार कोण? नरसिंग यांनी कधीतरी दुपारी सरजाबाईंना उजव्या हाताची बोटं शिकवली होती. पण सरजाबाई पूर्वी एकदा पडल्या होत्या आणि त्यांचा डावा हात भाता ओढण्याजोगा राहिला नव्हता. रेणुकानं हे पाहिलं. ती ड्यूटीवरून आली होती, अंगावरचे कपडेही बदलले नव्हते. ती माझ्या मागं येऊन बसली.

"आत्याबाई, तुम्ही बोटं चालवा. भाता मी धरते."

"तुला येतंय का?"

"रोज किती लोकांचं बी.पी. बघते मी."

आणि खरोखरच तिनं माझा भाता बी.पी. बघायच्या फुग्यासारखा दाबायला सुरुवात केली. फस, फस, फस! माझा जीव कासावीस झाला. सरजाबाई ओरडल्या, "अगं, मी मेले न्हाई अजून, हळू!" सासू-सून इतक्या हसल्या, की त्या संध्याकाळी गाणं झालंच नाही. पण दुसऱ्या दिवशी झालं, आणि तिसऱ्या दिवशी रेणुकाला कळलं, की भात्याला जोर लागत नाही, गाणारीच्या श्वासाकडं लक्ष लागतं. त्या दिवसांत तिच्या कानात दांडी नव्हती. तिसरं कडवं मात्र जयंतीपर्यंत सापडलं नाही. "दोन कडवी म्हणून उठते," सरजाबाई म्हणाल्या. "जेवढं हाय तेवढं तरी लोकान्ला देते."

जयंतीची संध्याकाळ. निळे झेंडे, पताका, दिवसभर तापलेला रस्ता आणि त्यावर पाणी मारलेलं. वस्तीतलेच नव्हे, गावातले सगळ्या थरांतले लोक आले होते. स्टेजच्या दोन्ही बाजूंना डीजेचे काळे डोंगर. तो डीजे चालवणारा शिवम नावाचा तरुण नांदेडहून आला होता. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू कुणी लग्नाच्या गाडीसमोर बैल आणून उभा केलाय. तरी त्यानं माझ्यासमोर माईक नीट लावला, हे मान्य केलं पाहिजे.

विनोदनं घोषणा केली. "आपल्या वस्तीतल्या जुन्या गायिका सरजाबाई दोन कडवी सादर करतील. शांत बसा." शांत कुणीच बसलं नाही. खोक्यांजवळची पोरं शिट्ट्या मारत होती. "डीजे, डीजे" असं मागून चाललं होतं.

सरजाबाईंनी काळी चारवर बोट ठेवलं. रेणुकानं भाता उघडला. "लेकी, वाच गं वाच..." आणि वरच्या सुराला आवाज फाटला. एखादं कापड टर्रकन फाटावं तसा. मागं हशा पिकला. रेणुकाचा हात थांबला. विनोदनं मान खाली घातली. आनंदराज पहिल्या रांगेत बसला होता, तो उठायलाच लागला, आईला खाली आणायला.

मित्रांनो, मी तेव्हा मनातून सिद्रामप्पांना, नरसिंगना, सगळ्यांना हाका मारल्या. ही बाई जर आता उठली तर पुन्हा कधीच गाणार नाही, हे मला माहीत होतं. आणि ती गायली नाही, की गाणं संपलं.

सरजाबाई उठल्या नाहीत. त्यांनी माईक तोंडाजवळ ओढला.

"थांबा रे पोरांनो. हसून घ्या, माझं काय बिघडत न्हाई. पट्टी चुकली माझी. काळी चार माझ्या जवानीची व्हती. आता पांढरी चार धरते. पट्टी खाली आली म्हणून गाणं खाली येत नस्तंय."

हशा थांबला. काही म्हाताऱ्यांनी तर टाळ्याच वाजवल्या. सरजाबाईंची बोटं नव्या पट्टीवर चाचपडली. शिकलेली सगळी बोटं काळी चारवरून सुरू होणारी, पांढरी चारवरून त्यांना वाट सापडेना. मग त्यांनी वाट शोधणं सोडलं. एकच पांढरी चार दाबून धरली आणि रेणुकाकडं बघून मान हलवली. रेणुकानं भाता इतक्या हळुवार सोडला, की माझा तो एकच सूर दिव्यासारखा स्थिर उभा राहिला. त्या सुराला धरून सरजाबाई गायल्या.

आवाज खाली आला होता, जाडा झाला होता. पण आता तो खरोखरच्या आईचा आवाज वाटत होता. "मी गोवऱ्या थापते, तू गिरव अ आ ई..." बाया पुढं सरकल्या. जयंतीच्या सुट्टीला लातूरहून आलेली क्लासची पोरं सरजाबाईंकडं बघायला लागली. विशाखा त्यांच्यातच उभी होती. तिनं कानातली दांडी काढून मुठीत धरली. दुसरं कडवं आलं आणि गेलं. "डीजे, डीजे" म्हणणारं आता कुणी नव्हतं. सरजाबाई ध्रुपदावर आल्या आणि तिथं थांबल्या. माझा सूर चालूच होता. पुढचं कडवं नव्हतं.

"एवढंच येतंय माय," त्या माईकमध्ये म्हणाल्या. "तिसरं हरवलं माझ्याकडून."

बायांच्या गर्दीतून एक आवाज उठला. माईक नाही, साथ नाही, पण सुरात.

भीमबाबानं दिली गं ही लेखणीची ठेव,
खुरपं हाती आलं तरी काळजात ठेव.

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. केस पांढरे झालेली, ठसठशीत कुंकू लावलेली एक बाई उभी होती. तिचं नाव केवळाबाई. भोकरकडच्या शेतकरी घरातली. लेकीकडं अहमदपूरला आली होती आणि लेकीबरोबर गर्दी बघायला उभी राहिली होती. विनोदनं दुसरा माईक तिच्यापर्यंत पोचवला.

"तुम्हाला कसं येतंय हे?" सरजाबाईंनी विचारलं.

"आमच्या रानात खुरपायला बाया यायच्या, त्या म्हणायच्या," केवळाबाई म्हणाल्या. "मी बांधावर उभी राहून ऐकायची. एक दिवस म्हणलं, मला बी शिकवा. तर त्या म्हणल्या, बांधावरून न्हाई, पातीला, खुरपायच्या ओळीत येऊन बस, अन् जायच्या आधी म्हणून दाखव. बसले मग पातीला. तवापासून म्हणते. माझ्या लेकीला येतंय, सुनंला येतंय. आमच्याकडं लई बायान्ला येतंय."

सरजाबाईंनी ते कडवं ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं. मग म्हणाल्या, "आमच्या मालकानं 'हातातून सुटली तरी' असं केलं व्हतं. मला आत्ता आठवलं. ते खुरपं कुणी घातलं त्याच्यात?"

"काय की माय. रानात असंच म्हणत्यात."

"त्यान्च्यापेक्षा चांगलं केलंय," सरजाबाई म्हणाल्या, आणि हसता हसता रडल्या, आणि रडता रडता पुन्हा पांढरी चार दाबली. "चला, पयल्यापासून. समद्यांनी."

मग काय विचारता! केवळाबाई स्टेजवर आल्या. बायांनी टाळ्यांचा ठेका धरला. मघाशी हसणारी पोरं खोक्यांवर हातानं ताल देऊ लागली. शिवमनं एकेक बटण फिरवून त्या काळ्या डोंगरांमधून आमचा आवाज बाहेर काढला. माझा तो बारीकसा सूर, मित्रांनो, घरांच्या गच्च्यांवरून थेट बसस्टँडपर्यंत गेला! ज्या खोक्यांनी माझ्या पोटात धडकी भरवली होती, तेच माझं नाव गाजवत होते. ध्रुपद इतक्या वेळा झालं, की मोजणं कुणालाच सुचलं नाही. "वन्स मोअर" आला, पुन्हा आला. विनोद माईक हातात घेऊन कार्यक्रम पुढं न्यायला निघाला, तर स्वतःच गायला लागला, आणि तेही भलत्याच पट्टीत.

डीजे नंतर वाजला. पोरं नाचली आणि सरजाबाई खुर्चीवर बसून ते नाचणंही आवडीनं बघत होत्या.

त्यानंतर आमच्या घरचं चित्र बदललं. मिक्सर खिडकीत गेला. मी बाहेरच्या खोलीत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी रेणुका झाडताना उंच पट्टीत गात होती, आनंदराज अंघोळ करताना खर्जात, आणि गल्लीतली लेकरं पट्टी-बिट्टी न बघता. विशाखानं क्लासच्या मैत्रिणींना शिकवलं. त्यातल्या दोघी उदगीरच्या, एक देगलूरची. जाताना म्हणून दाखवायची अट तिनंही घातली. एकच गाणं, पण प्रत्येकाच्या गळ्यात त्याची पट्टी वेगळी. तेव्हा मला उमगलं, की जुनं गाणं जुनं का होत नाही. ते ज्याच्याकडं जातं त्याच्या गळ्यापुरतं वरखाली होतं, एखादा शब्द बदलतं आणि तिथलंच होऊन राहतं. मी मात्र इतकी वर्षं समजत होते, की ते माझ्यामुळं टिकलंय! गर्व थोडा कमी झाला. थोडाच.

मित्रांनो, माझं तुमच्याकडं एवढंच मागणं आहे. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, ज्याच्या कानात दांडी नाही आणि ज्याला कुणी काही विचारत नाही. आई असेल, आजोबा असतील, शेजारची मावशी असेल. त्यांना विचारा, "तुमचं आवडतं गाणं कोणतं?" ते लाजतील, राहू दे म्हणतील. सोडू नका. त्यांच्यासमोर बसा, कारण भिंतीकडं बघून किंवा मोबाईलकडं बघून त्यांना म्हणता येत नाही. मग तुमचं आवडतं त्यांना ऐकवा. आवडलं नाही तर भांडा, पण एकत्र ऐकून भांडा. आणि घरात एखादी पेटी, एखादी ढोलकी, एखादा जुना रेडिओ धूळ खात पडला असेल, तर त्याच्यावर मिक्सर ठेवण्याआधी एकदा वाजवून बघा. आम्ही रुसलेलो असतो, पण एका हाकेत उठतो.

आजच सकाळी सरजाबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. केस विंचरलेले, चष्मा पुसलेला. मला वाटलं, तेच गाणं. तर त्यांनी आत हाक मारली, "रेणुका, ये गं, भाता धर. त्यान्ची अजून लई गाणी हाईत. आज दुसरं काढू."

रेणुका हात पुसत आली आणि माझ्यामागं बसली. दारात लेकरांची गर्दी झाली आहे, आणि गल्लीतल्या दोन बाया पायऱ्यांवर टेकल्या आहेत. आता मला बोलत बसता येणार नाही. भाता उघडला.